माशी की स्कोप? ठासणीच्या बंदुकीवरून त्रुटींचा हिशेब

"याहून भारी उपकरण मिळालं असतं तर माझा निकाल सुधारला असता." संशोधनाच्या पहिल्या वर्षात हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं. कधी ते खरं असतं, पण बरेचदा नसतं. कुठल्या वेळी खरं आणि कुठल्या वेळी नाही, हे ओळखायची एक सरळ रीत आहे. ती समजून घेण्यासाठी आज प्रयोगशाळेपासून जरा लांबचं उदाहरण घेऊ.

अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करणारे लोक एका प्रश्नावर कायम वाद घालतात: बंदुकीवर साधी लोखंडी साइट ठेवावी की स्कोप बसवावा? (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. तिथे मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ती कायदेशीर आहे.)

आधी बंदूक समजून घेऊ

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने ती खालपर्यंत ठासायची. एक बार झाला की हे सगळं पहिल्यापासून. त्यात निदान अर्धा मिनिट जातो, आणि तेवढ्यात हरीण दिसेनासं झालेलं असतं. म्हणजे खरी संधी एकच. गोळी चुकून भलतीकडे लागली तर जखमी जनावर जंगलात पळून जातं आणि तडफडत मरतं. त्यामुळे "नेम किती अचूक" हा इथे नुसता हौसेचा प्रश्न राहत नाही.

बंदुकाही दोन तऱ्हेच्या आहेत. जुन्या पद्धतीची चकमकीची बंदूक: चाप ओढल्यावर चकमक पोलादावर आपटते, ठिणगीने बाहेरची दारू पेटते आणि मग आतली. यात जाणवण्याइतका वेळ जातो, आणि तेवढा वेळ नेम स्थिर धरावा लागतो. दुसरी 'इन-लाइन', म्हणजे ठिणगी देणारी टोपी थेट दारूच्या मागे, नळीच्या रेषेत. १९८५मध्ये टोनी नाइट यांनी आणलेल्या एमके-८५ या बंदुकीपासून हा प्रकार लोकप्रिय झाला. दिसायला आणि वागायला ती आधुनिक रायफलीच्या बरीच जवळ जाते.

साइट आणि स्कोप नेमकं काय करतात?

लोखंडी साइटमध्ये डोळ्याजवळ एक खाच असते आणि नळीच्या टोकाला माशी. खाच, माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या. अडचण अशी की डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो. माशी स्पष्ट दिसली तर हरीण धूसर, हरीण स्पष्ट दिसलं तर माशी धूसर. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी झालं की खाच तर आणखीच पुसट होते.

आता थोडं गणित. खाच आणि माशी यांच्यात ६० सेंटीमीटर अंतर आहे असं धरा. माशी खाचेच्या मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकली, तर १०० मीटरवर गोळी किती सरकेल? ०.५ भागिले ६००, गुणिले १०० मीटर, म्हणजे सुमारे ८ सेंटीमीटर. शिवाय २ मिलिमीटर रुंदीची माशी डोळ्यापासून ८० सेंटीमीटरवर असेल, तर १०० मीटरवर ती २५ सेंटीमीटरचा भाग झाकते. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मर्मभाग (हृदय आणि फुप्फुसं) साधारण २० सेंटीमीटर व्यासाचा धरतात. म्हणजे जिथे मारायचंय तो भाग माशीआड पूर्ण झाकला जातो!

स्कोपमध्ये लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची फुली एकाच प्रतलात येतात, त्यामुळे डोळ्याला एकाच ठिकाणी फोकस करावा लागतो. पहाट-संध्याकाळच्या मंद प्रकाशातही त्याचा उपयोग होतो. ४० मिलिमीटरच्या भिंगातून ४ पट मोठं करून पाहिलं तर डोळ्याकडे येणारी प्रकाशाची शलाका १० मिलिमीटर रुंद असते, म्हणजे अंधारात विस्फारलेल्या बाहुलीलाही पुरून उरेल इतकी. तेच ९ पट केलं की ती साडेचार मिलिमीटरच्या आत येते. म्हणून जास्त मॅग्निफिकेशन म्हणजे नेहमीच जास्त चांगलं, असं नाही.

इथवर वाचून वाटेल की प्रश्न सुटला, स्कोपच घ्या. थांबा.

त्रुटी बेरजेने वाढत नाहीत

गोळी कुठे लागते हे फक्त नेम घेण्यावर ठरत नाही. किमान तीन स्वतंत्र त्रुटी असतात: नेम जुळवण्याची, बंदुकीची स्वतःची आणि हात हलण्याची. स्वतंत्र रँडम त्रुटी सरळ मिळवायच्या नसतात. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं असतं. आकडे टाकून बघू. हे आकडे मोजलेले नाहीत, समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. सगळे १०० मीटरवरचे, सेंटीमीटरमध्ये, दर अक्षावरचं प्रमाण विचलन म्हणून.

नेमाची त्रुटी: लोखंडी साइटने ८, स्कोपने २.
बंदुकीची त्रुटी: चकमकीची ८, इन-लाइन ४.
हाताची त्रुटी: उभ्याने, आधाराशिवाय १५, टेकू घेऊन ३.

पहिली स्थिती: चकमकीची बंदूक, उभ्याने. लोखंडी साइटने एकूण त्रुटी (६४ + ६४ + २२५)चं वर्गमूळ, म्हणजे १८.८. स्कोप लावल्यावर १७.१. नेमाची त्रुटी चौपट कमी केली आणि एकूण फरक पडला दोन सेंटीमीटरपेक्षाही कमी. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या मर्मभागात गोळी लागण्याची शक्यता १३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर जाते.

दुसरी स्थिती: तीच बंदूक, पण टेकू घेऊन. साइटने ३१ टक्के, स्कोपने ४८. फरक दिसायला लागला.

तिसरी स्थिती: इन-लाइन बंदूक, टेकू घेऊन. साइटने ४३ टक्के, स्कोपने थेट ८२!

स्कोप तिन्ही वेळा तोच होता. त्याची किंमत ठरली ती बाकीच्या त्रुटी किती मोठ्या आहेत यावर. सगळ्यात मोठी त्रुटी जागच्या जागी ठेवून लहान त्रुटी कमी करत बसलात, तर पैसा जातो आणि हाती फारसं काही लागत नाही. स्कोप हाताचा थरकाप थांबवत नाही, फक्त मोठा करून दाखवतो.

आता आणखी एक आकडा बघा. या त्रुटी कोनाच्या स्वरूपात असतात, त्यामुळे अंतर निम्मं केलं की सगळ्याच निम्म्या होतात. चकमकीची बंदूक, टेकू, साधी साइट, पण अंतर ५० मीटर: शक्यता ७७ टक्के. १०० मीटरवर स्कोप लावून ४८ होती. आणि इन-लाइन बंदूक साध्या साइटनेही ५० मीटरवर ८९ टक्क्यांना जाते, म्हणजे १०० मीटरवरच्या स्कोपच्या पुढे. शिवाय गोल शिशाची गोळी हवेत वेग फार लवकर गमावते. अर्ध्या इंची नळीतली अशी गोळी १०० मीटरला पोहोचेपर्यंत तिची साधारण एक-तृतीयांश ऊर्जाच उरते. ही उणीव कुठलाच स्कोप भरून काढत नाही. जवळ जाणं हाच उपाय.

सरासरी सुधारली तरी न दिसणारी चूक

वरचा हिशेब रँडम त्रुटींचा झाला. सिस्टिमॅटिक त्रुटी वेगळ्याच. ऊन डावीकडून आलं की माशीची डावी बाजू चमकते. डोळा त्या चमकत्या भागालाच माशी समजून खाचेच्या मध्यावर आणतो, आणि गोळ्या उजवीकडे जातात, सगळ्याच्या सगळ्या. स्कोपलाही हे चुकत नाही: धक्का लागून तो किंचित फिरला तर गोळ्या छान एका जागी लागतात, पण चुकीच्या जागी. गोळ्यांची दाटी बघून "उपकरण अचूक आहे" असं म्हणणारा इथे फसतो. जास्त वेळा मोजल्याने रँडम त्रुटीची सरासरी निघते. सिस्टिमॅटिक त्रुटी तशीच राहते, ती फक्त कॅलिब्रेशनने सापडते.

मग हंगामांची तुलना करून उत्तर काढता येईल का?

पेन्सिल्व्हेनियात नाताळानंतर फक्त चकमकीच्या बंदुकींचा हंगाम असतो. तो १९७४पासून चालू आहे आणि त्यात स्कोप चालत नाही. त्याच राज्यात ऑक्टोबरच्या ठासणीच्या हंगामात इन-लाइन आणि स्कोप दोन्ही चालतात. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात स्कोपला मनाईच आहे. मोह होतो, दोन हंगामांतली यशाची टक्केवारी घ्यावी आणि स्कोपचा परिणाम सांगून मोकळं व्हावं.

पण दोन हंगामांत फक्त स्कोप बदललेला नाही. बंदूक बदलली, हवामान बदललं, हरणांची हालचाल बदलली, येणारा शिकारी बदलला. चकमकीची बंदूक हौसेने घेणारा माणूस मुळात जवळ जाऊनच मारणारा असू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मारलेल्या हरणांची नोंद होते, जखमी होऊन पळालेली बहुतेक नोंदीत येतच नाहीत. जो परिणाम आपल्याला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो, नेमका तोच डेटात नाही.

राज्यांचा प्रश्नही वेगळाच असतो. शिकाऱ्याला विचारायचं असतं, "माझी गोळी नीट लागेल का?" वन्यजीव खात्याला विचारायचं असतं, "एकूण किती हरणं मारली जातील?" पल्ला आणि यश वाढलं की परवाने कमी करावे लागतात. म्हणून एकच स्कोप एकाला उपाय वाटतो आणि दुसऱ्याला अडचण. दोघंही आपापल्या प्रश्नापुरते बरोबर असतात.

तुमच्या कामासाठी

नवीन उपकरणाचा अर्ज लिहायच्या आधी एक कागद घ्या. तुमच्या मोजमापात कुठकुठल्या त्रुटी येतात ते लिहा, प्रत्येकीचा ढोबळ आकडा टाका, वर्ग करा, बेरीज करा. ज्या ओळीचा वर्ग सर्वांत मोठा, तिथे आधी हात घाला. ती ओळ 'उपकरण' असेल तर खुशाल मागा. पण ती 'नमुना नीट धरला नाही' किंवा 'फार लांबून मोजतोय' अशी निघाली, तर आधी टेकू शोधा, नाहीतर दोन पावलं पुढे जा. दोन्ही फुकट आहेत.