परमुलखांत गाजलेलीं नायजेरियाचीं मुलें

अमेरिकेंतील ओरेगन प्रांतांत यूजीन नांवाचें एक शहर आहे. तेथें २४ जुलै २०२२ रोजीं जागतिक मैदानी स्पर्धांत स्त्रियांच्या शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची उपांत्य फेरी चालली होती. वाटेवर दहा अडथळे, प्रत्येक सुमारें ८४ सेंटिमीटर उंच. आणि ते सारे ओलांडून नायजेरियाच्या टोबी अमुसान या पंचवीस वर्षांच्या मुलीनें तें अंतर १२.१२ सेकंदांत कापलें! वाचकांस येथवर वाचण्यास जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळांत तिची शर्यत संपून गेली होती. २०१६ पासून अबाधित राहिलेला १२.२० सेकंदांचा उच्चांक त्या दिवशीं मोडला. त्याच सायंकाळीं अंतिम फेरींत तर ती १२.०६ सेकंदांत आली. परंतु पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदास दोन मीटरांहून अधिक असल्यास उच्चांक धरावयाचा नाहीं असा नियम असल्यामुळें तो आंकडा जमेस धरला गेला नाहीं. सुवर्णपदक मात्र तिचेंच. मैदानी खेळांत जगज्जेतेपद मिळविणारी ती नायजेरियाची पहिलीच व्यक्ति. राष्ट्रगीत सुरू होतांच तिचे अश्रु अनावर झाले, ते साऱ्या जगानें पाहिले.

ही मुलगी ओगुन प्रांतांतील इजेबू ओडे या गांवची. तिचे आईबाप दोघेही शिक्षक, हें वाचून आमचें कुतूहल साहजिकच वाढलें. मुलीनें धांवण्याच्या नादीं लागावें हें वडिलांस पसंत नव्हतें. आईनें मात्र देवळांत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्यें, जाण्याचें निमित्त सांगून तिला सरावास पाठवावें असा प्रकार कांहीं काळ चालला होता. वडिलांना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं. आमचा सारा जन्म खडूफळ्यांत गेला, आणि मैदानावर रमलेल्या किती तरी मुलांना आम्हीं स्वतः हांका मारून वर्गांत आणून बसविलें आहे. त्यांपैकीं एखाद्याच्या पायांत कांहीं निराळें होतें काय, हा प्रश्न आम्हांस आतां सुचतो. तेव्हां सुचला नाहीं. टोबीला पुढें अमेरिकेंतील एल पासो येथील विद्यापीठांत प्रवेश मिळाला, आणि २०१७ सालीं तेथील महाविद्यालयीन अजिंक्यपद तिनें जिंकलें.

नायजेरियाची ही परंपरा जुनी आहे. १९५४ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें एम्मॅन्युएल इफेअजुना या तरुणानें एकाच पायांत बूट घालून ६ फूट ८ इंच उंच उडी मारली व सुवर्णपदक घेतलें. आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत असा मान मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णी आफ्रिकन. त्याचा शेवट फार दारुण झाला. सैन्यांत शिरून १९६६ च्या बंडांत तो सामील झाला, आणि पुढच्याच वर्षीं बियाफ्राच्या युद्धकाळांत त्यास गोळ्या घालण्यांत आल्या. १९९६ सालीं अटलांटा येथें पोलीस खात्यांतील चिओमा अजुन्वा हिनें ७.१२ मीटर लांब उडी मारून देशाला ऑलिंपिकमधील पहिलें वैयक्तिक सुवर्णपदक आणून दिलें.

परंतु नुसत्या पदकांची यादी देऊन टाळ्या पिटणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. कारण याच इतिहासांत एक सल आहे. फ्रान्सिस ओबिक्वेलू हा ओनित्शाचा पोरगा १९९४ सालीं तरुणांच्या जागतिक स्पर्धेसाठीं लिस्बन येथें गेला तो तेथेंच राहिला, आणि पोटासाठीं घरबांधणीवर मजुरी करूं लागला. पुढें नायजेरियाकडून धांवून त्यानें १९९९ सालीं जागतिक स्पर्धेंत कांस्यपदकही मिळविलें. पण दुखापतीच्या काळांत आपली विचारपूस झाली नाहीं, अशी त्याची तक्रार होती. २००१ सालीं तो पोर्तुगालचा नागरिक झाला, आणि २००४ सालीं अथेन्स येथें ९.८६ सेकंदांत शंभर मीटर धांवून त्यानें जें रौप्यपदक जिंकलें तें पोर्तुगालच्या खात्यांत गेलें. पहिला आला तो केवळ एक शतांश सेकंदानें पुढें होता.

२०२१ सालीं टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर नायजेरियाचे दहा खेळाडू अपात्र ठरले. त्यांनीं उत्तेजक द्रव्यें घेतलीं होतीं असें नव्हे. स्पर्धेपूर्वीं ठराविक वेळा ज्या आकस्मिक तपासण्या व्हावयाच्या, त्या देशाच्या व्यवस्थेकडून झाल्या नव्हत्या. बिचारे हातांत फलक घेऊन टोकियोंत निषेध करीत उभे राहिले. त्याच ऑलिंपिकमध्यें एसे ब्रूमे हिनें लांब उडींत कांस्य व ब्लेसिंग ओबोरुदुदू हिनें कुस्तींत रौप्यपदक मिळविलें, एवढेंच काय तें समाधान. २०२४ सालीं पॅरिस येथें फेव्हर ओफिली हिचें नांव शंभर मीटरांच्या शर्यतीसाठीं नोंदविलेंच गेलें नाहीं. शाळेच्या वार्षिक खेळांत एखाद्या मुलाचें नांव यादींतून गळलें तर तो महिनाभर मास्तरांशीं बोलत नाहीं. येथें तर चार वर्षांची तपश्चर्या होती! ती मुलगी दोनशें मीटरांची अंतिम फेरी गांठून आली. त्या वर्षीं देशास एकही पदक मिळालें नाहीं. मात्र बास्केटबॉलमध्यें नायजेरियाच्या मुली उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोंचल्या, आणि तो मान आफ्रिकेंतील कोणत्याही संघास, पुरुषांच्या वा स्त्रियांच्या, पूर्वीं मिळाला नव्हता.

आतां बुद्धिबळाकडे वळतों. चतुरंगाच्या रूपानें हा खेळ आपल्याच भूमींत जन्मला, म्हणून त्याविषयीं आम्हांस अंमळ अधिक जिव्हाळा आहे, हें कबूल केलेलें बरें. तानितोलुवा अडेवुमी या बालकाचे वडील अबुजा येथें छापखाना चालवीत. बोको हराम या दहशतवादी टोळीच्या भीतीनें कुटुंबानें देश सोडला, आणि २०१७ सालीं तीं सारीं न्यूयॉर्कला येऊन निराश्रितांच्या निवाऱ्यांत राहूं लागलीं. शाळेंत बुद्धिबळाचा वर्ग होता. पण फी भरण्यास पैसे नाहींत. आईनें तसें स्पष्ट लिहून कळविलें, तेव्हां शिकविणारांनीं फी माफ केली. मुलगा त्या निवाऱ्याच्या फरशीवर पट मांडून तासन् तास बसे. मार्च २०१९ मध्यें, वयाच्या आठव्या वर्षीं, तिसऱ्या इयत्तेपर्यंतच्या मुलांच्या गटांत त्यानें न्यूयॉर्क राज्याचें अजिंक्यपद मिळविलें. वर्तमानपत्रांत ही हकीकत येतांच लोकांनीं अडीच लाख डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली. कुटुंबास एका दात्यानें राहण्यास घर दिलें, आणि जमलेला पैसा आपल्यासारख्याच इतर गरजूंसाठीं ठेवण्याचें त्या आईबापांनीं ठरविलें. २०२१ सालीं, दहा वर्षांचा असतांना, तानी अमेरिकेचा राष्ट्रीय मास्टर झाला.

लागोसच्या झोपडपट्ट्यांतील मुलांस हाच खेळ शिकविण्याचें कार्य टुंडे ओनाकोया या तरुणानें २०१८ सालीं आरंभिलें. त्या कार्यास पैसा मिळावा म्हणून एप्रिल २०२४ मध्यें न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकांत तो साठ तास अखंड खेळत बसला. नियमानें तासाला मिनिटें पांच मोकळीं मिळत. तीं तो झोंपेंत न घालवितां, भोंवतीं जमलेल्या आपल्या देशबांधवांशीं बोलण्यांत घालवी, आणि कधीं कधीं उठून त्यांच्याबरोबर नाचेही!