टिकी कला
टिकी कला : पॉलिनीशियन मूर्तिशिल्पाच्या अनुकरणातून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३० नंतर रूढ झालेली लोकप्रिय सजावटशैली. मद्यगृहे, उपाहारगृहे, पेले, दिवे व जाहिराती यांतून ती प्रामुख्याने आढळते. ‘टिकी’ हे माओरी परंपरेत आद्य पुरुषाचे नाव असून माओरी व मार्केझास भाषांत कोरलेल्या मानवाकृतीसही ही संज्ञा आहे. पूर्वज व देवता यांच्याशी निगडित असलेल्या या आकृती केवळ शोभेच्या वस्तू नव्हत.

अर्नेस्ट गँट याने हॉलिवुडमध्ये व व्हिक्टर बर्जेरन याने ओकलंड येथे काढलेल्या मद्यगृहांपासून या शैलीचा प्रारंभ मानतात. तेथील रम कॅरिबियन, खाद्यपदार्थ बव्हंशी चिनी धर्तीचे आणि गँटकडे पेये मिसळणारे अनेकजण फिलिपिनो. पॉलिनीशियाचे होते ते मुख्यतः वातावरण. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढून परतलेले सैनिक, ‘कॉन-टिकी’ तराफ्याची सफर (१९४७) व हवाईला मिळालेला राज्याचा दर्जा (१९५९) यांमुळे तिचा प्रसार वाढला. १९७० नंतर ती मागे पडली व १९९० नंतर तिचे पुनरुज्जीवन झाले. पुनरुज्जीवनवादी संग्राहक १९५०–६० मधील पेल्यालाच ‘अस्सल’ समजतात, ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे. अनुकरणालाच येथे मूळाची प्रतिष्ठा लाभली.

अमेरिकन कारागिरांनी ईस्टर बेटावरील मोआईचा लांबट चेहरा, माओरी कोरीवकाम व हवाईतील ‘कू’ या युद्धदेवतेचे विस्फारलेले मुख यांची सरमिसळ केली. हजारो किमी. अंतरावरील समाजांचे भिन्न दैवतविश्व त्यामुळे एकाच हसऱ्या-भेसूर मुखवट्यात लोपले. हवाईत १८१९ मध्ये जुनी धर्मव्यवस्था मोडल्यावर बहुतेक देवमूर्ती नष्ट झाल्या. कूच्या मंदिरातील भव्य मूर्तींपैकी तीनच उरल्या असून त्या लंडन, सेलम व होनोलूलू येथील संग्रहालयांत आहेत. २०१० मध्ये त्या होनोलूलूत काही काळ एकत्र मांडण्यात आल्या. ज्या देवतेच्या मूर्ती इतक्या दुर्मिळ, तिच्याच चेहऱ्याचे मद्यपेले मात्र सर्वत्र मिळतात. हवाईयन टीकाकारांचा आक्षेप मुख्यतः या विसंगतीवर आहे.

केवळ अनुकरण झाले म्हणून ते अपहरण ठरते असे नाही. पॉलिनीशियन शिल्पकारही पर्यटकांसाठी टिकी कोरतात. मात्र नाव, अर्थ व मोबदला यांवर त्यांचा अधिकार किती, हा वादाचा मुद्दा आहे. २०१६ मध्ये डिझ्नी कंपनीने ‘माउई’ या पुराणपुरुषाचा गोंदणासह काढलेला बालपोशाख पॉलिनीशियनांच्या निषेधामुळे मागे घेतला. पॉलिनीशियात गोंदण हे वंश व प्रतिष्ठा यांचे निदर्शक असते.

स्वामित्वहक्काचा कायदा ज्ञात कर्ता व ठराविक मुदत गृहीत धरतो. पिढीजात सामूहिक आकृतींना तो लागू पडत नाही. न्यूझीलंडच्या २००२ च्या व्यापारचिन्ह कायद्याने माओरींना अवमानकारक वाटणाऱ्या चिन्हांची नोंदणी नाकारण्याची तरतूद केली. वाइतांगी न्यायाधिकरणाने २०११ च्या अहवालात याहून व्यापक संरक्षणाची शिफारस केली असून वारसा जपणाऱ्या माओरी गटांचा विचार घेतल्यावाचून अशा कलाकृतींचा व्यापारी वापर होऊ नये, असे सुचविले आहे.