काठावरून पाहिलेले पाणी

फुलंब्रीजवळ आमचे गाव. तिथला पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातला. त्याच्या बांधावर आजीने मातीच्या पाट्या वाहिल्या. त्यामुळे त्या पाण्याला नावे ठेवलेली घरात कुणाला खपत नाहीत. “काचेसारखं पाणी आहे,” असे आई आजही म्हणते. तळ्याखालच्या विहिरीचेच पाणी घरात येते.

यंदा पुतणी बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळाला वरचे दूध सुरू झाले आणि पावडर कालवायला विहिरीचे पाणी. उकळून घेतो म्हणून सगळे निश्चिंत! मी मात्र बाटलीभर पाणी तपासायला दिले. नायट्रेट मर्यादेच्या वर निघाले. ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नायट्रेटला ना रंग, ना वास. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट तसेच राहते, उलट पाणी आटले की अधिकच दाट होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते. मूल निळे पडू शकते. त्या संध्याकाळपासून बाळाचे पाणी बाहेरून येऊ लागले.

दुसऱ्या दिवशी मी तळ्याच्या वरच्या अंगाला गेलो. मका, कपाशी थेट काठापर्यंत आलेली. उन्हाळ्यात पाणी हटले की उघड्या गाळावर गाळपेरा होतो, म्हणजे खत आणि औषध तळ्याच्या पोटातच पडते. युरियातले नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर मुरते आणि विहिरीत उतरते. स्फुरद मातीला चिकटून तळ्यात येते व शेवाळ पोसते. विहिरीजवळचा उकिरडाही काही निर्दोष नव्हता. पाणी कसे आहे, हे आम्ही काठावर उभे राहून ठरवत आलो. ते बिघडते वर, शेताशेतांत.

हे मी दादाला जरा प्राध्यापकी थाटात ऐकवले. (वर्गात कुणी उलट बोलत नाही, त्याची ही सवय!) दादा शांतपणे म्हणाला, “मास्तर, युरिया माझा, कबूल. पण तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं?”

परतताना तोच प्रश्न डोक्यात. फुलंब्रीहून शहरात शिरताना आधी हर्सूलचा तलाव लागतो, मग दिल्ली दरवाज्याजवळ सलीम अली सरोवर, म्हणजे पूर्वीचा खिजरी तलाव. थोर पक्षितज्ज्ञाचे नाव मिरवणाऱ्या या तळ्यात शहराचे सांडपाणी उतरत आले आणि जलपर्णी माजत आली. तिचा खुराकही तोच, नत्र आणि स्फुरद. दादाची शेती आणि माझी मोरी, पाण्याच्या हिशेबी दोन्ही एकच! बसमधले शेजारी मात्र खिडकीतून पाहून म्हणाले, “किती हिरवंगार आहे हो!”

दादाने रब्बीला काठालगतची पट्टी गवताला सोडली आहे; उकिरडाही हलवला. मी आमच्या कॉलनीत तिघांना विचारले, आपले सांडपाणी कुठे जाते? एकाने नाल्याकडे बोट दाखवले. दुसरे म्हणाले, “ते महापालिका बघते.” तिसऱ्यांनी काळजीने विचारले, “का हो, तुंबलंय का?”