ब्लेंडर : खुल्या साधनाची वाटचाल

१९१२ साली दादासाहेब फाळके आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा खरेदी केला. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट तयार केला. आगकाड्या किंचित हलवायच्या, चित्र टिपायचे, पुन्हा हलवायच्या, पुन्हा टिपायचे. अशी चित्रे ओळीने दाखवली, की निर्जीव काड्या जणू स्वतःहून चालू लागतात. भारतातील ॲनिमेशनच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत या लघुपटाची गणना होते. कल्पना फाळक्यांची स्वतःची होती आणि आगकाड्या तर घरोघरी होत्या. कॅमेरा मात्र काही गहाण ठेवल्याशिवाय हाती आला नाही. कलावंत आणि त्याचे साधन यांच्यामध्ये किमतीची अशी भिंत अनेकदा उभी असते. ती भिंत कशी खाली येते आणि साधन वापरणाऱ्यांची संख्या कशी वाढते, हे एका उदाहरणावरून समजून घेऊ.

आज ॲनिमेशनचे बरेचसे काम संगणकावर होते. त्रिमितीय ॲनिमेशनची पद्धत कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाची आठवण करून देणारी आहे. प्रथम संगणकावर पात्राचा आकार घडवतात. त्याच्या आत सांध्यांसह एक सांगाडा बसवतात. मग त्या सांगाड्याच्या ठळक अवस्था ठरवतात. हात खाली आहे ही एक अवस्था, हात वर गेला ही दुसरी. मधल्या अवस्था संगणक भरून काढतो. शेवटी प्रकाश, छाया आणि रंग यांचा हिशेब करून संगणक प्रत्येक चित्र पूर्ण करतो. चित्रपटात एका सेकंदाला सामान्यतः २४ चित्रे लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटासाठी १४,४०० चित्रे झाली. ही सारी कामे करणाऱ्या आज्ञावलीला ॲनिमेशन सॉफ्टवेअर म्हणतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस व्यावसायिक दर्जाचे असे सॉफ्टवेअर अतिशय महाग होते. त्यासाठी लागणारे संगणकही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यातून एक दुष्टचक्र निर्माण झाले. किंमत जास्त म्हणून वापरणारे थोडे. वापरणारे थोडे म्हणून शिकवणारे आणि पुस्तके लिहिणारेही थोडे. आणि शिकण्याची सोय नाही म्हणून नवे लोक येत नाहीत. हे चक्र तोडण्याचा एक मोठा प्रयत्न नेदरलँड्समध्ये झाला.

त्या देशात निओजिओ नावाचा ॲनिमेशन स्टुडिओ होता. त्याच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉन रोझेंडाल यांनी १९९४ साली स्टुडिओच्या अंतर्गत कामासाठी एक सॉफ्टवेअर लिहावयास घेतले. त्याचे नाव ब्लेंडर. हे साधन स्टुडिओबाहेरच्या कलावंतांनाही उपयोगी पडेल, असे त्यांना वाटले. म्हणून १९९८ साली त्यांनी एक स्वतंत्र कंपनी काढली आणि ब्लेंडर मोफत देण्यास सुरुवात केली. व्यावसायिक सेवा आणि जोड-उत्पादने विकून पैसा उभा करावा, अशी योजना होती. २००० सालाच्या अखेरीस नोंदणी केलेल्या वापरकर्त्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे गेली.

एवढे वापरकर्ते लाभल्यावर कंपनी भरभराटीला येईल, असे कोणासही वाटले असते. घडले ते उलट. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि २००२ साली गुंतवणूकदारांनी कंपनीचे काम थांबवले. ब्लेंडरची मूळ आज्ञावली, म्हणजे ज्या लिखित सूचनांतून सॉफ्टवेअर तयार होते त्या सूचना, कंपनीच्या मालकीची होती. ती बंद कुलपात राहिली. वापरकर्त्यांच्या संगणकावर ब्लेंडर होते. पण त्यातील चूक दुरुस्त करण्याचा किंवा त्यात भर घालण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

येथे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांतील फरक लक्षात येतो. मोफत म्हणजे ज्याचे मोल द्यावे लागत नाही ते. मुक्त म्हणजे जे वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा अधिकार सर्वांना आहे ते. विहिरीचा मालक पाणी फुकट भरू देतो, ही झाली मोफत सोय. त्याने उद्या फाटकाला कुलूप लावले, तर घागरी रिकाम्याच परत येतात. गावाच्या मालकीच्या विहिरीला असे कुलूप लागत नाही. मात्र तिच्यातला गाळ काढण्याची जबाबदारीही गावाचीच असते.

रोझेंडाल यांनी ब्लेंडर फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन केली. एक लाख युरो दिल्यास आज्ञावली खुली करण्यास गुंतवणूकदार तयार झाले. संस्थेने लोकांना देणग्यांचे आवाहन केले आणि अवघ्या सात आठवड्यांत ही रक्कम जमली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. वापरकर्त्यांनी आपले साधन जणू स्वतःच सोडवून आणले.

मुक्त परवान्याचे मोल पुढे दुसऱ्या एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट झाले. सॉफ्टइमेज हे चित्रपटसृष्टीतील नावाजलेले ॲनिमेशन सॉफ्टवेअर होते. २०१४ साली त्याच्या मालक कंपनीने ते पुढे विकसित न करण्याचे जाहीर केले. ज्यांनी त्यावर वर्षानुवर्षे हात बसवला होता, त्यांना दुसरे साधन नव्याने शिकावे लागले.

तथापि केवळ मुक्त झाल्याने ब्लेंडर घरोघरी पोहोचले नाही. त्याची रचना इतर सॉफ्टवेअरपेक्षा फार वेगळी होती. अन्यत्र वस्तू निवडण्यासाठी माऊसचे डावे बटण दाबतात. ब्लेंडरमध्ये उजवे दाबावे लागे. नवशिके गोंधळत आणि व्यावसायिक मंडळी हे हौशी लोकांचे साधन आहे, असे समजत. किमतीची भिंत पडली होती. अवघडपणाची आणि अविश्वासाची भिंत अद्याप उभी होती.

अविश्वास दूर करण्यासाठी संस्थेने जाहिरातींवर भर न देता चित्रपटच तयार केले. २००६ साली ‘एलिफंट्स ड्रीम’ आणि २००८ साली ‘बिग बक बनी’ हे लघुपट प्रसिद्ध झाले. त्यांच्याबरोबर पात्रे, देखावे आणि संगणकावरील कामाच्या फाइलीही सर्वांना उपलब्ध करून दिल्या. शिकणाऱ्याला तयार चित्रपट पाहता आला आणि तो कसा घडला हेही उलगडून पाहता आले. चित्रपट करताना कलावंतांना ज्या उणिवा जाणवत, त्या तेथील तंत्रज्ञ दूर करीत. त्यामुळे साधनही सुधारत गेले.

अवघडपणा दूर होण्यास अधिक काळ लागला. २०१९ साली आलेल्या २.८० या आवृत्तीत रचना सोपी करण्यात आली आणि डाव्या बटणाने निवड करण्याची पद्धत प्रचलित झाली. ‘ईव्ही’ या नव्या सुविधेमुळे प्रकाश-छायेचा परिणाम काम करता करताच दिसू लागला. त्याच वर्षी एपिक गेम्स या कंपनीने बारा लाख डॉलरचे साहाय्य जाहीर केले. असे साहाय्य आणि सामान्य वापरकर्त्यांच्या छोट्या वर्गण्या यांतून तंत्रज्ञांचे वेतन दिले जाते. वापरणाऱ्याला मोफत मिळणाऱ्या साधनामागेही कोणाचे तरी श्रम असतात आणि त्या श्रमांचे मोल कोणीतरी द्यावेच लागते.

या दीर्घ वाटचालीचे फळ २०२५ साली जगाने पाहिले. लॅटव्हिया या छोट्या देशातील दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोदिस यांचा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरवर तयार झाला होता. महापुरात सापडलेल्या एका मांजराची ही कथा. तिच्यात एकही संवाद नाही. मोठमोठ्या स्टुडिओंच्या तुलनेत अल्प खर्चात झालेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे आणखी एक भिंत आहे, ती भाषेची. सॉफ्टवेअर शिकवणारे साहित्य बहुधा इंग्रजीत असते. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने या अडचणीवर एक मार्ग काढला. संगणकाच्या पडद्यावर कृती दिसते आणि तिचे स्पष्टीकरण मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ऐकू येते. या प्रकल्पाच्या विषयांत ब्लेंडरचाही समावेश आहे. अर्थात संगणक, वीज आणि सरावासाठी लागणारा निवांत वेळ या गोष्टी कोणतेही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. ज्यांना त्या मिळत नाहीत, त्यांच्यासाठी मुक्त साधनाचे दारही अर्धेच उघडे असते.

साधन उत्तम असले म्हणजे लोक आपोआप येतात, असे नाही. ते परवडावे लागते, शिकता यावे लागते आणि उद्या ते काढून घेतले जाणार नाही असा भरवसा वाटावा लागतो. फाळक्यांना साधनासाठी विमा गहाण ठेवावा लागला. आज ॲनिमेशन शिकू पाहणाऱ्याला निदान सॉफ्टवेअरसाठी तरी काही गहाण ठेवण्याची गरज उरलेली नाही.

स्वाध्याय

१. अडीच लाख वापरकर्ते असूनही कंपनी बंद का पडली?
२. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतील फरक विहिरीच्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
३. ब्लेंडर फाउंडेशनने लघुपटांबरोबर कामाच्या फाइलीही दिल्या. त्याचा शिकणाऱ्यांना कोणता लाभ झाला?
४. आपल्या व्यवसायातील एखादे साधन शिकताना किंमत, अवघडपणा किंवा भाषा यांपैकी कोणती अडचण आली, ते आठ-दहा ओळींत लिहा.