पुढचा शाफ्ट काढण्याआधी

आमच्या घरची सीजे-३बी जीप वडिलांच्या काळातली. मूळ विलिसचं हे मॉडेल १९५३ सालचं, पुढे महिंद्राने ते आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलं. आता शेतावर डांबरी रस्ता गेला, चिखल राहिला नाही. म्हणून अनेकजण विचारतात, फोर व्हील काढून टाकू का?

आधी एक समजून घ्या. दांडा टू व्हीलवर असला तरी पुढची चाकं फिरताना आतले एक्सल, क्राउन-पिनियन आणि शाफ्ट फिरतच राहतात. सगळं लोढणं इंजिन ओढतं. चाकांना फ्री व्हील हब बसवले की हे फिरणं थांबतं. दुसरा मार्ग, फक्त पुढचा शाफ्ट उतरवणं. दोन्ही टोकांचे बोल्ट सोडा, पण क्रॉसच्या वाट्यांना आधी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर आतले सुईसारखे बारीक रोलर मातीत सांडतात. ट्रान्सफर केस मात्र जागेवरच हवी, कारण मागच्या चाकांची ताकदही तिच्यातूनच जाते.

आमच्या गाडीचं पुढचं डिफरन्शियल एका गॅरेजवाल्याने काढून साधा एक्सल टाकला आणि मूळचं भंगारात विकलं. ते मला आजही सलतं. लो गिअरही बिनधास्त वापरवत नाही, कारण मूळ रचनेत तो फोर व्हीलचा दांडा टाकल्यावरच पडतो आणि आता सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर येतो.

असा बदल करायचाच असेल, तर आधी आरटीओत विचारा. आणि काढलेला प्रत्येक भाग ग्रीस लावून, पोत्यात बांधून माळ्यावर जपून ठेवा.