केजनांचा गांधार

संपादकांचे मागणे लोकसंगीताच्या एका महोत्सवावरील लेखाचे होते; परंतु दक्षिण लुइझियानाच्या सपाट, भातशेतीच्या मुलखातून युनिस या लहानशा गावाकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत मार्क सॅव्हॉय यांचे वाद्यांचे जे दुकान 1966 पासून उभे आहे, तेथे पाऊल टाकल्यावर महोत्सवाचा विषय मागे पडला तो पडलाच. शनिवारी सकाळी या दुकानात विक्री गौण ठरते. फिडल, गिटार आणि अकॉर्डियन घेऊन म्हातारे व पोरे मांडीला मांडी लावून बसतात, आणि गवत ओढण्याच्या जुन्या यंत्राचे पोलादी दाते वाकवून केलेला त्रिकोण त्यांना ताल देतो.

केजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांचा इतिहास दफ्तरात सापडतो तसा थोडक्यात सांगता येतो. 1755 मध्ये इंग्रजांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरील अकादी प्रांतातील फ्रेंच रयतेला हद्दपारीचे फर्मान काढले आणि देशोधडीला लागलेल्या त्या कुटुंबांपैकी कित्येक पुढे लुइझियानाच्या दलदलीत व माळरानावर वसली. अकॉर्डियन त्यांच्याकडे आले ते जर्मनीहून, तेही बऱ्याच उशिरा. 1928 मध्ये जो फाल्कन आणि क्लेओमा ब्रो यांनी केजन संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. त्याच्या पुढच्याच वर्षी, वर्णभेदाचा अंमल कडक असताना, अमेडे आर्डोइन हा कृष्णवर्णीय अकॉर्डियनवादक आणि डेनिस मॅगी हा गोरा फिडलवादक यांनी एकत्र बसून वाजविले. केजन संगीताला केवळ गोऱ्यांची मिरास समजणाऱ्यांनी ही नोंद विसरू नये.

पुढे तंतुवाद्यांच्या टोळ्यांची चलती झाली, अकॉर्डियन खेडवळ ठरले, आणि महायुद्धाने जर्मनीहून येणारा माल बंद केला. 1948 मध्ये आयरी लेज्यून याच्या एका ध्वनिमुद्रिकेने वाद्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली खरी. पण प्रतिष्ठा मिळाली तरी वाद्य कोठून आणावे? ‘मोनार्क’ आणि ‘स्टर्लिंग’ या नावांची युद्धपूर्व जर्मन वाद्ये लोक जपून, जोडून, ठिगळे लावून वापरत होते. लेक चार्ल्स येथील सिडनी ब्राऊन याने त्यांच्या नमुन्यावर नवी वाद्ये घडविण्याचा उपक्रम केला. सॅव्हॉय हे त्याच वाटेचे दुसऱ्या पिढीतील वाटसरू. त्यांचा जन्म 1940 चा. लहानपण युनिसजवळच्या शेतावर, वृद्ध वादकांच्या सहवासात गेले. शिक्षण रसायन-अभियांत्रिकीचे झाले. आणि 1960 पासून त्यांनी अकॉर्डियने बांधण्यास आरंभ केला. ‘अकेडियन’ या नावाने त्यांची वाद्ये प्रसिद्ध आहेत. अभियंत्याची सुरक्षित नोकरी बाजूस सारून सुताराची पटाशी हाती धरणाऱ्या या गृहस्थाचा मला, कबूल करतो, काहीसा हेवा वाटतो.

वाद्य दिसायला बेताचे. उजव्या बाजूस दहा कळा, मध्ये भाता; पण भाता दाबताना एक स्वर आणि ओढताना दुसरा, अशी त्याची हट्टी घडण आहे. बहुतेक वाद्ये आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एकची असतात. तिला षड्ज मानले तर दाबताना सा, ग, प मिळतात आणि रे, म, ध, नि यांसाठी भाता ओढावा लागतो, कोमल स्वरांची गोष्टच नाही. त्यामुळे वादकाला क्षणोक्षणी भात्याची दिशा पालटावी लागते, आणि केजन नृत्यसंगीताचा जो तुटक, धक्के देत पुढे जाणारा ठेका आपण ऐकतो तो पुष्कळसा या अडचणीतूनच जन्मला आहे. प्रत्येक कळेमागे चार सूर, आणि दोन दिशांचे निराळे, म्हणजे एका बाजूस ऐंशी पोलादी पत्त्या. त्यांतील प्रत्येक कानशीने जुळवायची. पत्ती टोकाकडे घासली की स्वर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो.

माझे मन गुंतले ते गांधारापाशी. पियानोच्या समान अंतराच्या सप्तकात गांधार नैसर्गिक स्वरापेक्षा किंचित चढा असतो. केजन पद्धतीने जुळवणी करणारे कारागीर तो जाणूनबुजून उतरवितात, म्हणजे षड्जाशी त्याचा संवाद स्वच्छ होतो. पेटीच्या याच कृत्रिम स्वरांवर आपल्याकडे केवढे रण माजले होते! 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले आणि तीन दशके ते पुरते उघडले नाही. आपण वाद्यावर बंदीहुकूम बजावला. या माळरानावरच्या मंडळींनी कोणताही वाद न घालता कानस उचलली.

वाद्याचा प्रश्न असा सुटला. भाषेचा मात्र सुटलेला नाही. 1921 च्या राज्यघटनेने लुइझियानातील शाळांत इंग्रजी सक्तीची केली, फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या, आणि शिक्षा भोगलेल्या त्या पिढीने आपल्या मुलांशी घरात फ्रेंच बोलणेच सोडले. 1964 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारोंची दाद मिळवून परतलेला ड्यूई बाल्फा हा फिडलवादक, पोटासाठी शाळेची बस चालविणारा माणूस, त्या दिवसापासून फ्रेंच बोलण्याची ही लाज धुऊन काढण्याच्या खटपटीत होता. तो वर्गावर्गांतून फिडल घेऊन हिंडला. 1968 मध्ये राज्य सरकारने फ्रेंचच्या संवर्धनासाठी मंडळ स्थापिले. सॅव्हॉय यांच्या पत्नी अ‍ॅन या व्हर्जिनियात वाढलेल्या, म्हणजे या मुलखाला परक्या. परंतु 1984 मध्ये जुन्या वादकांच्या मुलाखती व गीतांचे शब्द यांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला तो त्यांनी. त्यांचे जोएल आणि विल्सन हे पुत्र आज नावाजलेले वादक आहेत.

एवढे असूनही माझी काळजी जात नाही. तरुण वादकांची बोटे वडीलधाऱ्यांपेक्षा चपळ आहेत. पण ज्या फ्रेंच गीतांवर सभागृह नाचते त्यांचा अर्थ नाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना लागत नाही, आणि गाणाऱ्यांतही काहींनी शब्द ध्वनिमुद्रिकांवरून घोकलेले असतात. शाळांतून आता सर्व विषय फ्रेंचमधून शिकविणारे वर्ग निघाले आहेत, ही समाधानाची बाब. परंतु त्यांतले शिक्षक बरेचदा फ्रान्स, बेल्जियम किंवा कॅनडाहून येतात आणि मुले शिकतात ती पुस्तकी फ्रेंच, आजोबांची बोली नव्हे. त्या बोलीत अजून बोलू शकणारे म्हातारे युनिसच्या आसपास आहेत, आणि शनिवारी दुकानात येणाऱ्या पोरांनी सूर जुळवून झाल्यावर त्यांच्याशी तासभर गप्पाही माराव्यात, असे मला फार वाटते.