लांबच्या दवाखान्याची वाट

स्वारगेटहून निघालेली वेल्ह्याची एसटी चेलाडी फाट्याला महामार्ग सोडते आणि गुंजवणीच्या खोऱ्याकडे वळते. इथून पुढे गाडीत अनोळखी माणूस उरत नाही. कोण कुणाच्या घरचा, पुण्याला कशाला गेला होता, पिशवीत काय आहे, हे विचारायची इथे रीत आहे आणि त्यात मायाही आहे. पण ज्याच्या पिशवीत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्यांची बाटली असते, त्याला या मायेचीच धास्ती वाटते. मग बाटलीवरचा कागद खरवडला जातो, किंवा गोळ्या साध्या डबीत भरल्या जातात.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातले डोंगरी तालुके. वेल्ह्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे. गेल्या चार दशकांत एचआयव्हीनं इथे काय केलं, हे आठवायला बसलं की मला सगळीकडे अंतरच दिसतं. रोजगार लांब, तपासणी लांब, औषध लांब. यातलं बरंचसं अंतर आता मिटलं आहे. एक मात्र अजून तसंच आहे.

जून १९८१ मध्ये अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला आणि १९८५ मध्ये रक्त तपासण्याची एलायझा चाचणी वापरात आली. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी जमवलेल्या नमुन्यांतून भारतातला संसर्ग पहिल्यांदा उघड झाला. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतही तपासणीचं काम सुरू झालं होतं. भोरपासून ही संस्था पन्नासएक किलोमीटरवर, तरीही तिथे काय चाललं आहे याची खबर भोरच्या डोंगरात पोचायला कितीतरी वर्षं गेली.

विषाणूला मात्र वाट आधीच तयार होती. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर अशी धरणं या खोऱ्यांनी पोटात घेतली. पाणी खाली पुण्याला, बारामतीला, फलटणला गेलं. वर उरली उताराची खाचरं आणि पावसावरचं भाताचं एक पीक. तेवढ्यावर घर चालत नाही, म्हणून घरटी एखादा तरी पुरुष मुंबईला. गोदी, गिरणी, माथाडीचं काम आणि एका खोलीवर दाटीवाटीनं राहणारी गावची माणसं. घरी येणं आवणीला, गणपतीला आणि गावच्या जत्रेला. लग्न झालेला तरुण वर्षातले दहा महिने एकटा राहत होता, आणि त्या एकटेपणाबद्दल त्याच्याशी कुणीच काही बोलत नव्हतं. त्याला दोष देणं सोपं आहे. पण कंडोम काय असतो, कशासाठी असतो, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

हा विषाणू शरीरात कसा राहतो हे समजल्याशिवाय पुढची वर्षं समजत नाहीत. संसर्गानंतर काही आठवड्यांत ताप येतो, अंग दुखतं, कधी पुरळ उठतं. साध्या तापासारखा तो जातो आणि विसरला जातो. त्यानंतर सरासरी आठ-दहा वर्षं माणूस वरवर धडधाकट असतो. आत विषाणू सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी संपवत असतो. या पेशी शरीराच्या बचावाची सूत्रं हलवतात. निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली आल्या की इतर आजारांना दार उघडं होतं, आणि त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही हा विषाणू आणि एड्स ही उपचार न झाल्यास येणारी शेवटची पायरी. गावात दोन्हींना एकच शब्द होता, आणि तोही उच्चारला जात नव्हता. ‘तो आजार’ एवढंच म्हणत.

म्हणून ऐंशीच्या दशकाअखेरीस मुंबईत ज्याला संसर्ग झाला, तो अंथरुणाला खिळला नव्वदच्या दशकाच्या शेवटी. नोकरी सुटली, माणूस गावी आला. खोकला, जुलाब, अंगावर नागीण, तोंडात पांढरा थर, महिन्यागणिक उतरत जाणारं वजन. आपल्याकडे अशा रुग्णाला सर्वात आधी गाठतो तो क्षयरोग, म्हणून कितीतरी मृत्यू ‘टीबीनं गेला’ एवढ्यावर मिटले. मधल्या वर्षांत, तब्येत ठणठणीत असताना, तो दर सणाला घरी येतच होता. संसर्ग बायकोपर्यंत पोचला तो असा, दोघांनाही नकळत.

पुण्यात १९९२ मध्ये भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू झाली. तिथले डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात निम्म्या बाधित निघाल्या. उरलेल्या ३९१ जणींत हे प्रमाण १३.६ टक्के होतं. या दुसऱ्या गटातल्या बहुतेक जणी विवाहित होत्या आणि त्यांचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता. १९९७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकनिष्ठ राहा म्हणजे सुरक्षित राहाल, हा सल्ला या बायकांच्या काहीच कामाचा नव्हता. त्या एकनिष्ठच होत्या.

इथे या गोष्टीतला सर्वात मोठा अन्याय येतो. गरोदरपणात रक्ताची तपासणी होते, म्हणून घरात पहिला रिपोर्ट हाती पडतो तो बाईचा. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते, किंवा तो ती टाळतो. मग ज्याचा रिपोर्ट आधी, त्याच्यापासून आजार आला, असा हिशेब मांडला जातो. तपासणीचा क्रम हाच दोषाचा क्रम ठरतो. नवरा गेल्यावर तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून माहेरी धाडलं जातं, सातबाऱ्यावर तिचं नाव लागत नाही, ताट वेगळं होतं आणि पोरांना भावकीतल्या पोरांबरोबर खेळू दिलं जात नाही. वास्तविक हा विषाणू ताटातून, पाण्यातून, डासातून, एका अंथरुणावर बसल्यानं किंवा मिठी मारल्यानं पसरत नाही. त्याचे मार्ग मोजके आहेत: असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, एकमेकांच्या वापरलेल्या सुया, आणि आईकडून बाळाला गर्भात, प्रसूतीत किंवा अंगावरच्या दुधातून. भीती मात्र कुठल्याही मार्गानं पसरत होती.

तपासणीचं अंतर नव्या शतकात कमी झालं. शासकीय रुग्णालयांतली एचआयव्ही तपासणी केंद्रं आणि गरोदर मातांसाठीची केंद्रं एकत्र करून २००६ पासून आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रं, उभी राहिली. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रातही बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होऊ लागली. त्या एका चाचणीवर कुणालाही बाधित ठरवत नाहीत. लक्षणं नसलेल्या माणसाचं रक्त तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी तपासलं जातं आणि तिन्हींत तेच आढळलं तरच तसा अहवाल मिळतो. ही चाचणी मुख्यतः प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. त्या काळातला ‘निगेटिव्ह’ शेवटचा मानू नये, जोखीम घडली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. बाधित आईच्या बाळात तिची प्रतिपिंडं दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून तान्ह्या बाळासाठी सहाव्या आठवड्यात थेट विषाणूचा शोध घेणारी पीसीआर चाचणी करतात. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईनं वेळेवर औषधं घेतली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. या सगळ्या वाटचालीत मला यापेक्षा आनंदाचा आकडा सापडलेला नाही.

औषधाचं अंतर सर्वात जीवघेणं होतं. १९९६ नंतर तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत परदेशात मरणं थांबवू लागली, पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरांत देण्याची तयारी जाहीर केली आणि जगभरातले भाव कोसळले. १ एप्रिल २००४ पासून भारतात निवडक सरकारी रुग्णालयांत एआरटी मोफत मिळू लागली. महाराष्ट्रात पहिलं नाव मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचं होतं, पुढे पुण्यात ससूनसह इतरत्र केंद्रं झाली. तरी आवणीच्या दिवसांत, पाऊस कोसळत असताना, वेल्ह्याच्या आतल्या एखाद्या वाडीतल्या बाईनं दिवसाची मजुरी बुडवून पुण्याला जायचं आणि घरी काय सांगून निघायचं, हा प्रश्न दर महिन्याला तिच्यापुढे होताच.

आधी सीडी-४ पेशी २०० च्या खाली आल्याशिवाय गोळ्या चालू होत नसत. ती मर्यादा हळूहळू वर सरकत गेली आणि २०१७ पासून निदान होताच उपचार हे धोरण झालं. त्यामागच्या पुराव्यात पुण्याचाही वाटा आहे. एचपीटीएन ०५२ हा नऊ देशांतला अभ्यास ज्या केंद्रांत झाला, त्यांत पुण्याची ‘नारी’ होती. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही, अशा जोडप्यांत लवकर औषध सुरू केल्यास संसर्ग पसरण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं, असं २०११ मध्ये त्यातून दिसलं. पुढच्या अभ्यासांनी आणखी ठाम उत्तर दिलं: नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती रोज घेणारा माणूस शेत करतो, नोकरी करतो, नातवंडं खेळवतो.

आकडेही उतरले. राष्ट्रीय अंदाजानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे २४ लाख बाधित होते आणि २०१० च्या तुलनेत नवे संसर्ग ४६ टक्क्यांनी घटले होते. बाधितांची सर्वाधिक संख्या मात्र महाराष्ट्रातच, जवळपास ३ लाख ९४ हजार. १० सप्टेंबर २०१८ पासून एचआयव्ही आणि एड्स कायदा लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करायची नाही, कुणाची स्थिती उघड करायची नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायचा नाही. बाधित स्त्रीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. नव्वदच्या दशकात माहेरी धाडलेल्या बायकांना हे कलम मिळायला हवं होतं.

आणि तरीही ती बाटली खरवडली जाते. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळू शकतं, पण अर्ज तलाठी आणि तहसील कार्यालयातून जातो. एसटीत सवलत आहे, पण ती वाहकासमोर कागद धरूनच मिळते, आणि वाहक गावातल्या कुणाच्या तरी ओळखीचा असतोच. म्हणून माणसं तिकिटाचे पैसे भरतात, जवळचं रुग्णालय सोडून मुद्दाम लांबच्या दवाखान्याची वाट धरतात. औषध गावाजवळ आलं आहे. माणूस अजून गावापासून लांब जातो आहे.

हे शेवटचं अंतर कुठल्याही गोळीनं मिटणार नाही. ते मिटवण्याची सुरुवात कुठून करायची हे मात्र मला स्पष्ट दिसतं. आजचा तरुण मुंबईऐवजी पुण्याला, शिरवळच्या कंपनीत जातो आणि बायको गरोदर राहिली की तिला तपासणीला घेऊन येतो. आशाताईनं, परिचारिकेनं, सासूनं त्याच दिवशी त्यालाही आत बोलवावं. दोघांचं रक्त एकाच वेळी घेतलं जावं आणि दोघांचे रिपोर्ट एकाच वेळी हाती यावेत. कुणाचा आधी आला हा प्रश्नच उरणार नाही, आणि ज्या दोषाच्या हिशेबानं या डोंगरातल्या बायका घराबाहेर काढल्या गेल्या, तो मांडायला जागा राहणार नाही. तसं झालं, तर एक दिवस चेलाडी फाट्यानंतर कुणी ‘पिशवीत काय?’ विचारलं की ‘गोळ्या आहेत माझ्या’ एवढं सांगून माणूस खिडकीबाहेरचा राजगड बघत बसेल.